बाळ ठणठणीत असताना टाचेतून रक्त का घ्यायचे?

तुमचे बाळ दोन दिवसांचे आहे, उद्या घरी सोडणार आहेत, डॉक्टरांनी टाचेतील रक्ताची तपासणी सुचवली आहे आणि सासूबाई म्हणतात की धडधाकट बाळाला उगाच टोचू नये. अशा वेळी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. तपासणी करावी, आणि घरी निघण्यापूर्वीच करावी.

माझी मुलगी चिपळूणला भर श्रावणात जन्मली. तिचे रडणे, अंगावर पिणे सारे व्यवस्थित होते, तरी टाचेच्या रक्तात तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक, फार वाढलेला निघाला. जन्मजात थायरॉइड कमी असलेली बहुतेक बाळे सुरुवातीला अशीच निरोगी दिसतात, कारण पोटात असताना आईचे संप्रेरक त्यांना मिळालेले असते. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉइडची गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ सहसा नीट होते. उशीर झाला तर झालेली हानी पुरती भरून निघत नाही.

रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात, कारण जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच मुळातच चढलेला असतो. सिस्टरने टाच कोमट कापडाने शेकून कडेला टोचले, पहिला थेंब पुसला आणि पुढचे थेंब कागदावरच्या वर्तुळांत आरपार मुरू दिले. ते कार्ड तीन-चार तास आडवे वाळवून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात घातले, कारण आपल्याकडच्या दमट हवेत नमुना खराब होतो.

अहवालात दोष दिसला म्हणजे आजार ठरला असे नाही. शिरेतील रक्त तपासून खात्री करतात. आमच्याकडे ती झाली आणि तेव्हापासून सकाळी गोळी चमच्यात कुस्करून अंगावरच्या दुधात कालवून देणे सुरू झाले.

याच रक्तातून जी-सिक्स-पीडीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची (एन्झाइमची), कमतरताही कळू शकते. अशा बाळांना डांबराच्या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि आपल्याकडे तर जुनी दुपटी-कुंच्या त्याच गोळ्या घालून पेटीत ठेवलेल्या असतात. अहवाल येईपर्यंत ते कपडे बाळाला घालू नका.

एक मात्र विसरू नका. बाळाला घेऊन माहेरी जाणार असाल आणि तिथे रेंज नसेल, तर कार्डावर ज्याचा फोन हमखास लागतो अशा माणसाचा नंबर लिहा, आणि आठवड्यात निरोप आला नाही तर स्वतः विचारा.