गाय गाभडल्याचं डॉक्टरांना सांगितलंत का?

प्रश्न : मॅडम, आमची देवणी गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती मी हातानेच काढली. पुढे मला ताप सुरू झाला. सकाळी बरं, संध्याकाळी कणकण, रात्री घामाने अंथरूण ओलं. कंबर तर धरलीच आहे. विडाल ही रक्ततपासणी पाहून टायफॉईडचं औषध दोनदा झालं. आता नव्या डॉक्टरांनी ब्रुसेलाची तपासणी करवली. रोझ बेंगॉल पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या कागदावर 1:320. म्हणजे काय? घरच्यांचंही रक्त तपासावं का?
– एक वाचक, ता. देवणी, जि. लातूर

उत्तर : ब्रुसेला हा जनावरांतला जंतू. त्याने गाय गाभडू शकते, आणि वारेला हात लावणाऱ्या माणसालाही तो लागतो. गाभडलेल्या गाईचं तुम्ही मला पहिल्याच ओळीत लिहिलंत. तेच आधीच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं होतंत का? तापाचा पेशंट आपणहून गोठ्याचं बोलत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत कुणी विचारतही नाही. एकट्या विडालवर माझा तरी भरवसा नाही.

रोझ बेंगॉल ही पहिली, चाळणीची तपासणी. पांढऱ्या टाइलवर तुमच्या सीरमचा (रक्तातल्या पातळ द्रवाचा) एक थेंब आणि गुलाबी रंग दिलेल्या, मारलेल्या ब्रुसेला जंतूंचा एक थेंब कालवून टाइल 4 मिनिटं डोलवायची. अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, असल्या की थेंब नासक्या दुधासारखा फाटतो. दुसऱ्या तपासणीत सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत नेतात. तुमचं 320 पट पातळ करूनही गुठळी झाली. लक्षणं असताना 1:160 किंवा त्यावरचा आकडा आम्ही गांभीर्याने घेतो. गंमत अशी की अँटिबॉडी फार असल्या तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळी दिसतच नाही. 1:80 वरच थांबणारी लॅब अशा पेशंटला बिनधास्त निगेटिव्ह ठरवते! उलट कॉलरा किंवा येर्सिनिया या दुसऱ्या जंतूंच्या अँटिबॉडीमुळे खोटा पॉझिटिव्हही येऊ शकतो. पण तुमचा ताप, वार आणि आकडा एकाच दिशेला बोट दाखवतात.

सर्वांत पक्का पुरावा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याचा. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं, तरी नवीन औषध सुरू होण्याआधी एकदा पाठवावं असं डॉक्टरांना सुचवा. फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ हे शब्द हवेतच. हा जंतू सावकाश वाढतो. मशीनमध्ये बहुधा आठवड्याच्या आत कळतं, जुन्या पद्धतीत बाटली तीन-चार आठवडे ठेवावी लागते. शिवाय तो श्वासावाटे लागतो. जंतू वाढवलेली प्लेट नाकाशी नेऊन वास घ्यायची खोड काही जुन्या टेक्निशियनना असते, आणि लॅबमध्ये ब्रुसेलाची लागण अशीच होते.

कंबरेकडे दुर्लक्ष नको. ब्रुसेला मणक्यात बसतो आणि एक्स-रेवर टीबीसारखा दिसू शकतो. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन साधारण 6 आठवडे देतात, मणका धरला असेल तर त्याहून जास्त. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. बरं झाल्यावरही अँटिबॉडी कितीतरी महिने राहतात, तेव्हा आकडा पाहून धास्तावू नका.

घरात कुणाला ताप किंवा सांधेदुखी असेल, कुणी वार काढायला हात लावला असेल किंवा निरसं दूध पीत असेल, तर त्यांचं रक्त तपासा. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या डॉक्टरांना हे सगळं सांगाच. गाईचं रक्त पशुवैद्यकांकडून तपासून घ्या. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी असतील तर त्यांच्या लसीचंही तिथेच विचारा.