मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये साधी काडतुसं चालतील का?

प्रश्न: माझं पॉइंट टू टूचं (.22) सिंगल ॲक्शन, म्हणजे दर बारला घोडा हाताने ओढायचं, रिव्हॉल्व्हर आहे, सोबत दोन सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) आलेत, एक लाँग रायफल या साध्या .22 काडतुसाचा आणि एक जास्त जोरदार मॅग्नमचा. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफलची काडतुसं आरामात जातात, मग दरवेळी सिलिंडर बदलायचा कशाला? आणि मित्राकडे याच मॉडेलचा जादा सिलिंडर पडून आहे, तो माझ्यात टाकला तर?

उत्तर: आधी पहिलं, कारण ते धोक्याचं आहे. नका करू. काडतूस आरामात जातं हीच तर अडचण. लाँग रायफलची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, साधारण 5.7 मिलिमीटर जाड, मॅग्नमची 6.1 च्या आसपास, म्हणजे मॅग्नमच्या चेंबरमध्ये, सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, साधं काडतूस सैल बसतं, बार उडाला की पुंगळीला चारी बाजूंनी आधार नाही, ती फुगते, फाटते आणि गरम गॅस मागे येतो, तोही तुमच्या चेहऱ्याकडे. उलट चूक सहसा होत नाही, मॅग्नमचं काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शिरतच नाही.

मग बॅरल एकच कसं चालतं? दोन्हीच्या गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखी, फरक सगळा पुंगळीचा. रुगर कंपनीचं सिंगल-सिक्स हे असंच रिव्हॉल्व्हर 1953 मध्ये आलं आणि मॅग्नम काडतूस 1959 मध्ये, त्यानंतर ही दोन सिलिंडरची जोडी निघाली. पॉइंट वन सेव्हन एचएमआर (.17 HMR) या दुसऱ्या काडतुसाला मात्र हे जमत नाही, पुंगळी मॅग्नमवरूनच केलेली असली तरी गोळी बारीक, त्याला बॅरलच वेगळं लागतं.

आता मित्राचा सिलिंडर. तो बसेलही, फिरेलही, पण त्यावर जाऊ नका. सिलिंडर त्या त्या रिव्हॉल्व्हरला जुळवून दिलेला असतो, म्हणून तर जोडीतल्या सिलिंडरवर बऱ्याचदा सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले दिसतात. चेंबर आणि बॅरल एका रेषेत आले नाहीत तर गोळीचं शिसं खरवडून बाजूला उडतं, शेजारी उभ्या माणसाला लागू शकतं. रिमच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेच्या, मागे फट जास्त राहिली तर बार फुसका जातो, कमी राहिली तर सिलिंडर अडकत फिरतो. रिव्हॉल्व्हर आणि तो सिलिंडर दोन्ही गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) न्या, त्याने मोजून हो म्हटलं तरच वापरा.

सिलिंडर बदलताना आधी लोडिंग गेट (काडतुसं भरायची बाजूची झडप) उघडून प्रत्येक चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, मगच बेस पिन (सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा) ओढा, आणि काढलेला सिलिंडर व त्याची काडतुसं एकाच डब्यात ठेवा म्हणजे सरमिसळ होणार नाही. बदलल्यावर नेमही थोडा सरकतो, तेव्हा आधी कागदावर चार-पाच बार टाकून बघा.