बेडकांच्या नव्या प्रजाती अजून सापडतात का, की बहुतेक शोधून झाल्या?

अजूनही भरपूर सापडतात. जगभरात दरवर्षी शंभराहून जास्त नव्या उभयचर प्रजातींची नोंद होते आणि त्यात बहुतांश बेडूकच असतात. १९८५ च्या जागतिक यादीत सुमारे ४,००० उभयचर होते, आज हा आकडा ८,७०० च्या पुढे आहे. म्हणजे चाळीस वर्षांत दुपटीहून जास्त!

याचं मोठं कारण म्हणजे डीएनए तपासणी आणि आवाजाचं रेकॉर्डिंग. दिसायला हुबेहूब सारखे दोन बेडूक वेगळे आहेत हे आता सिद्ध करता येतं. आपल्याच पश्चिम घाटाचं बघा. २०१७ मध्ये केरळ-तमिळनाडूच्या जंगलांतून रातबेडकांच्या सात नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातले चार तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे. ते तिथे दुर्मीळ नव्हते, पण ओल्या पाचोळ्याखाली राहतात आणि किड्यासारखे किरकिरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला बेडकाची शंकाच येत नाही. मादागास्कर, न्यू गिनी, अँडीजच्या रांगा इथेही असंच चालू आहे.

मात्र यादी वाढली म्हणजे बेडूक वाढले असं नाही. बऱ्याचदा एका जुन्या नावाखालची प्रजाती फोडून तिच्या तीन-चार होतात, आणि मग प्रत्येकीच्या वाट्याला एखादा डोंगर किंवा दोन-चार ओढेच उरतात. २०२३ च्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे ४१ टक्के उभयचर धोक्यात आहेत.