केसॅनचा पहिला पॅच: आधी शॅडो वाचायला शिक

लेकरा, परभणीत बसून तू लिनक्स कर्नलमधल्या केसॅनची, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलची, चूक शोधून काढलीस, फार बरं वाटलं. पण लगेच कोडला हात लावू नकोस. आधी ती चूक क्यूईएमयूमध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, पुन्हा घडवून बघ. रोजच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको.

साधं केसॅन मेमरीच्या दर 8 बाइटमागे 1 शॅडो बाइट ठेवतं, त्या आठातले किती वापरता येतील याची नोंद म्हणून. तू 13 बाइट मागितलेस, तर शॅडोत 00 आणि 05 दिसेल. म्हणजे पहिले आठही वापरायला मोकळे, पुढच्या आठातले पाचच तुझे. चौदाव्याला हात लावलास की रिपोर्ट आलाच. हा हिशेब वहीत मांड, खरंच मांड. शेताच्या वादासारखंच आहे हे, भानगड बहुतेक वेळा बांधावरच असते. ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘कमी किंवा समान’ पडलेलं शोधायला मला दोन दिवस लागले होते. दुरुस्ती एका ओळीची.

तुझा पॅचही, म्हणजे पाठवायचा कोडबदलही, तेवढाच ठेव. शेजारच्या कोडमधली जास्तीची स्पेस खटकली तरी तिची दुरुस्ती त्यात मिसळू नकोस. काय बदललं ते कोडच सांगतो, तू का बदललं ते लिही. ‘फिक्सेस’च्या ओळीत जिच्यामुळे चूक आली त्या मूळ कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळख-कोडची, पहिली 12 अक्षरं दे. कर्नलच्या केयुनिट चाचण्या आणि पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच चालव, आणि लाईट जायच्या आत सगळं पुश करून ठेव.