फुलेवाडीच्या घराचं परडं: ठेकेदाराला ३८,००० द्यावेत का?

प्रश्न: आम्ही पुण्यात नोकरीला असतो. कोल्हापुरात फुलेवाडीतलं ४ गुंठ्यांतलं घर वडिलांच्या पश्चात दोन वर्षं बंद आहे, आई आमच्याकडे असते. परड्यात कमरेएवढं गवत, पाडलेल्या न्हाणीघराच्या विटा-कौलांचा ढीग, भिंतीवर रेललेलं जांभळाचं झाड, शिवाय माळ्यावरचं जुनं सामान. जूनपासून ११,००० रुपये भाडं मिळेल असं एजंट म्हणतो. 'सगळं उचलून नेतो' म्हणत ठेकेदारानं दोन दर दिलेत: एकरकमी ३८,०००, किंवा पहिली सफाई धरून महिना ४,००० प्रमाणे वर्षाचा करार. एक लाखाची ठेव आहे, ७ टक्क्यांची, मुदत संपायला ५ महिने. ती मोडून एकरकमी द्यावं, की महिन्यावर बांधावं?

उत्तर: वर्षाचा करार आधी बाजूला काढा. महिना ४,००० हलके वाटतात, पण वर्षाचे ४८,००० होतात, आणि परड्याला बारा महिने माणूस लागतच नाही. गवत पावसाळ्यात वाढतं. जुलैच्या मध्यात एक भांगलण आणि गाजर गवत फुलावर येण्याआधी दुसरी, एवढ्यावर भागतं. ओल्या मातीतून ते मुळासकट उपटून येतं. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. डिसेंबर ते मे या काळात तुम्ही बहुतेक रिकाम्या परड्याचे पैसे भरत असाल.

आता ३८,०००. रकमेपेक्षा मला खटकतं ते 'सगळं उचलून नेतो' हे बोलणं. यात किती माल, किती खेपा, टाकणार कुठं, काहीच ठरलेलं नाही. गवत, राडारोडा, झाड आणि घरातला कचरा ही चार वेगळी कामं आहेत. ती एकाच आकड्यात बांधली की ठेकेदार सगळ्यात महाग कामाचा दर सगळ्यांना लावतो.

म्हणून मोजा. घराखालची जागा सोडून परडं साधारण २,८०० चौरस फूट निघेल. ढिगाची लांबी, रुंदी आणि सरासरी उंची फुटांत घेऊन गुणाकार करा. १०० घनफुटांचा एक ब्रास. तुमचा ढीग १० बाय ८ आणि अडीच फूट उंच असेल तर २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, तेव्हा दोन खेपा. कुणी पाच सांगितल्या तर ट्रॉली अर्धी भरायचा बेत आहे.

हिशोबासाठी मजुरी दिवसाला ७०० धरतो. दोन ठिकाणी विचारून तुमच्याकडचा आकडा घाला. गवत आणि झुडपं काढायला तीन माणसं दोन दिवस, ४,२००. ग्रास कटर चालवणाऱ्यासह एक दिवस १,५००. राडारोडा भरायला चार मजुरांचा एक दिवस २,८०० आणि दोन खेपांचे ४,०००. झाडाच्या फांद्या उतरवणारा जाणकार माणूस ३,०००. काडीकचऱ्याची एक खेप १,८००. बेरीज १७,३००. लोखंडी भंगाराचे १,८०० वजा केले, अचानक निघणाऱ्या कामासाठी १५ टक्के म्हणजे २,६०० ठेवले आणि दोन भांगलणीचे २,८०० मिळवले, तर वर्षाचा खर्च २०,९०० च्या आसपास येतो.

काडीकचरा एका खेपेत बसतो तो फांद्या तीन-तीन फुटांच्या तोडून, मोळ्या बांधून, आठ-दहा दिवस उन्हात वाळवल्या तर. ओल्या फांद्या तशाच भरल्या की ट्रॉलीत निम्मी हवाच जाते आणि खेपा तिप्पट होतात. जाड लाकूड वखारवाल्याला आधी दाखवा.

माळ्यावर तांब्याचा जुना बंब असेल तर तो वेगळा काढून वजन करा. लोखंडाचा भाव किलोला दोन आकडी, तांब्याचा शेकड्यांत. 'भंगार आम्हीच नेतो, तुम्हाला त्रास नको' या प्रेमळ वाक्यात बहुतेक हा बंबच असतो. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंगाचे डबे, जुनी औषधं हा घरगुती घातक कचरा. तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा.

राडारोडा रोजच्या कचरागाडीत जात नाही. तो कुठं टाकायचा हे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या आणि ती जागा ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या. स्वस्तातला ट्रॅक्टरवाला तो ओढ्यात नाहीतर रस्त्याकडेला ओततो, आणि तपास निघाला तर माल कुणाच्या घरचा हेच विचारलं जातं. 'पेटवून द्या, राख होईल' असं सांगणारेही भेटतील. घनकचरा नियमांत कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे. बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून महापालिका सांगेल तसा द्यायचा.

जांभळाला हात लावण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. हा अर्ज आजच टाका, बाकी कामं त्याच्यासाठी अडवू नका. फांद्या विजेच्या तारेजवळ असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणाला वर चढवू नका.

दोन वर्षं पडून असलेल्या विटांखाली साप असणारच असं धरून चाला. गमबूट, हातमोजे, ढीग उचकटायला लांब दांड्याचं फावडं आणि काम फाटकाकडून मागच्या भिंतीकडे. दंश झालाच तर थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा. मजुरांचा २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे का विचारा, पण त्यातले दोन लाख अपघाती मृत्यू किंवा कायमच्या मोठ्या अपंगत्वालाच मिळतात. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही.

आता पैशाची सोय. ठेव मोडू नका. ठेव वर्षाची असेल तर झालेल्या सात महिन्यांसाठी बँक ६ टक्के धरून त्यातून १ टक्का दंड कापते असं समजा, तर हातात ५ टक्के, म्हणजे साधारण १,१७० रुपये व्याज गेलं. त्याऐवजी ठेवीवर २०,००० कर्ज उचला. ९ टक्क्यांनी ५ महिन्यांचं व्याज ७५० होतं आणि ठेवीचे ७ टक्के पूर्ण रकमेवर चालूच राहतात. घर एक महिना रिकामं राहिलं तर जाणारे ११,००० यापेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे मुदत संपायची वाटही पाहू नका.

तरी ठेकेदाराला सरळ नकार द्या असं मी म्हणणार नाही. तुम्ही पुण्यात, आई तुमच्याजवळ. मजुरांवर उभं कोण राहणार? देखरेखीचे ५,००० मोजणं रास्त आहे. दोन्ही भांगलणी धरून, खेपा आणि टाकायची जागा लिहून देऊन तो २६,००० च्या आत उतरला तर त्यालाच द्या. आगाऊ चौथा हिस्सा, पुढचे पैसे भरलेल्या प्रत्येक ट्रॉलीचा फोटो आल्यावर, आणि शेवटचे ५,००० दुसऱ्या भांगलणीनंतर. २६ च्या वर गेला तर चार दिवस रजा काढून स्वतः करून घ्या. काहीही ठरलं तरी राडारोडा मेच्या मध्यापर्यंत बाहेर पडू द्या. जोराचा वळीव झाला की काळ्या मातीत ट्रॉली रुतते आणि खेपेचा दर वाढतो.

हा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वेगळा वजा होत नाही. भरलेला घरफाळा वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, सफाई-दुरुस्ती त्यातच धरलेली. त्यामुळे पावत्या आयकरासाठी नाही, ठेकेदाराशी वाद झाला तर लागतील म्हणून जपा. आणि भाडेकरारात परड्याची भांगलण पुढच्या वर्षापासून कुणी करायची ते एका ओळीत घालून घ्या.