हिर्शफेंगर घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात जर्मन शिकारी आणि वनरक्षक कमरेला लावत त्या जुन्या खंजिरांवर, म्हणजे हिर्शफेंगरवर, लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो. मी जर्मनीत वुपरटालला राहतो, सुऱ्या-तलवारींचं गाव सोलिंगेन अगदी शेजारी. नोकरी आयुष्यभर पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेत केली, त्यामुळे खंजीर हातात आला की नक्षीच्या आधी माझी नजर पोलादाकडे जाते. माझ्या उत्तरांचा कलही तसाच असणार.

प्रश्न : काका, मी श्टुटगार्टला शिकते. म्युनिकच्या जुन्या बाजारात एक हिर्शफेंगर पाहिला. मूठ शिंगाची, आडव्या दांडीची टोकं हरणाच्या खुरासारखी, पात्यावर हरिण आणि कुत्रे. मुठीजवळ बारीक अक्षरांत 'रोस्टफ्राय' लिहिलंय. विक्रेता म्हणतो 1780 चा आहे. बाबांच्या साठीला भेट द्यायचा विचार आहे. घेऊ का? (एक विद्यार्थिनी)

1780 चा म्हणून मुळीच घेऊ नकोस. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. रोस्टफ्राय म्हणजे आपलं स्टेनलेस. एसेनच्या क्रुप कारखान्याने गंजरोधक पोलादाचं पेटंट घेतलं ते 1912 मध्ये, आणि सुऱ्यांवर हा शब्द त्यानंतर आला. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर त्याच्या बाकीच्या माहितीवरही विसंबू नकोस. माहीत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस.

पात्यावरची अक्षरं नेहमी आधी वाचावीत. 'मेड इन जर्मनी' दिसलं तर वस्तू 1887 नंतरची, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचं नाव घालायची पद्धत सुरू झाली. अमेरिकेत 1891 पासून तसाच नियम लागू झाला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची. राजाचं मुंडकं आणि शेजारी शिरस्त्राण घातलेला सरदार, असा छाप असेल तर तो वायर्सबर्ग-किर्शबाउम या कारखान्याचा. दोन घराणी 1883 मध्ये एकत्र आली तेव्हा दोन्ही चिन्हं शेजारी बसली. खार दिसली तर आइकहॉर्न, तो कारखाना 1865 चा. हे लक्षात ठेवलंस तर बाजारातल्या निम्म्या थापा जागच्या जागी कळतील.

पण बहुतेक जुन्या पात्यांवर अक्षरं नसतातच, आणि खरी परीक्षा तिथे आहे. त्यासाठी ही वस्तू कशासाठी होती ते आधी समजून घे. कुत्र्यांनी हरिण घेरलं की शिकारी जवळ जाऊन, पुढच्या पायामागून, काळजाच्या दिशेने एकच वार करून ते संपवत असे. त्यासाठी पातं सरळ, अरुंद, टोकाला धारदार. अठराव्या शतकात ते चांगलं हातभर लांब असे. पुढे बंदुका सुधारल्या, जवळ जायची गरज उरली नाही, तसं पातं आखूड होत गेलं आणि हिर्शफेंगर गणवेशाचा भाग झाला. प्रशियाचे वनाधिकारी तो लावत. सैन्यातल्या येगर (म्हणजे शिकारी) नावाच्या नेमबाज तुकड्यांनी तर त्याला संगीन म्हणून बंदुकीवर चढवलं. तेव्हा कोणी आखूड, चकचकीत, नक्षीने भरलेलं पातं दाखवून 'याने राजेरजवाडे शिकार करत' म्हणालं तर तिथेच थांबायचं.

आता खंजीर हातात घे. माझा एकच नियम आहे: सगळे भाग एकत्र म्हातारे झालेत का ते बघायचं. माझ्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला, एखाद्या साध्या वनरक्षकाचा असावा असा एक हिर्शफेंगर आहे. त्याच्या मुठीची एक बाजू हस्तिदंतासारखी गुळगुळीत झाली आहे, दुसऱ्या बाजूला शिंगाचे मूळचे खडबडीत उंचवटे शाबूत आहेत. खंजीर डाव्या कमरेला लटकतो, आतली बाजू वर्षानुवर्षं कोटाला घासते, म्हणून हे. म्यानाचं चामडंही त्याच बाजूला झिजलं आहे आणि म्यानाच्या टोकाच्या पितळी टोपणावरची ओकची पानंही त्याच बाजूला पुसट आहेत. तीन वेगळे भाग, तीन वेगळे पदार्थ, झीज एकाच बाजूची. हे नकली माल बनवणाऱ्याला सहसा सुचत नाही. तो सगळीकडून सारखं घासतो.

मग मुठीचं वरचं टोक बघ. पात्याचा शेपटा मुठीतून आरपार जाऊन वर ठोकून बसवलेला असतो. तिथे चकचकीत पोलाद किंवा ताज्या कानशीचे ओरखडे दिसले तर मूठ उघडून पुन्हा बसवली आहे. शिंग शंभर-दीडशे वर्षांत किंचित आकसतं, त्यामुळे खऱ्या जुन्या मुठीवर धातूची कड बोटाला जराशी लागते. रिव्हेटची डोकी, जी अनेकदा ओकच्या फळाच्या आकाराची असतात, तीही किंचित वर आलेली असतात. सगळं अगदी सपाट, एकजीव लागलं तर शंका घ्यायची. आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना शिंगाची खडबड हुबेहूब सारखी असेल तर ते शिंग नाही, साच्यातलं प्लास्टिक आहे. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. त्याने चांगली वस्तू खराब होते.

शेवटी नक्षी, भिंगाखाली. पात्यावर मेणासारखा थर देऊन, त्यात सुईने चित्र काढून, ते आम्लाने पोलादात कोरत. जुन्या कामात रेघेची जाडी कमी-जास्त होते आणि तळ दाणेदार दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंजाचा खड्डा आणि रेघ यांतलं आधीचं कोणतं ते शोधायचं. जुन्या पात्यावर गंज रेघेला खाऊन गेलेला असतो, हरणाचा एखादा पाय मधेच तुटतो. नकली पातं आधी आम्लात बुडवून खराब करतात आणि वरून चित्र काढतात, त्यामुळे रेघ खड्ड्यात उतरून पलीकडे निघते, तीही तितकीच स्वच्छ. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

तू वर्णन केलेला खंजीर बहुधा विसाव्या शतकातला, शिकाऱ्याच्या समारंभाच्या पोशाखातला आहे. तो वाईट नाही. विसाव्या शतकाच्या भावात मिळाला तर बाबांसाठी जरूर घे. त्याआधी एकदा सोलिंगेनला येऊन ग्रेफ्राटच्या क्लिंगेनम्युझियममध्ये, म्हणजे पात्यांच्या संग्रहालयात, अर्धा दिवस घालव. विकत घेण्याआधी खऱ्या वस्तू पाहणं यासारखा दुसरा अभ्यास नाही.

प्रश्न : हिर्शफेंगर आणि वाइडब्लाट यांत फरक काय? (ठाण्याचे एक वाचक)

हिर्शफेंगर भोसकण्यासाठी, वाइडब्लाट तोडण्यासाठी. वाइडब्लाटचं पातं रुंद, जड, आपल्या सत्तुराच्या वळणाचं असतं. मेलेलं जनावर कापताना हाडं तोडायला ते वापरत. त्याच्याच म्यानात लहान सुऱ्या आणि काट्यांचे कप्पे असत आणि तो पूर्ण संच मिळाला तर संग्राहक भाग्यवान. जुन्या शिकारी दरबारांत त्याचा आणखी एक उपयोग होता. शिकाऱ्यांची स्वतःची भाषा असे. त्यात कोणी चुकलं, रक्ताला किंवा शेपटीला नेहमीचा शब्द वापरला, तर त्याला मारलेल्या हरणावर पालथं घालून पार्श्वभागावर वाइडब्लाटच्या सपाट बाजूचे तीन फटके देत. जमलेले लोक पाहत, शिंगं फुंकली जात. भाषेचा मान इतका राखणारे लोक मला आवडतात.

प्रश्न : आमच्या पणजोबांना बल्लारशाच्या जंगलात काम करताना एका साहेबाने दिलेला जर्मन शिकारी सुरा घरात आहे. पात्यावर लाल गंज, पितळेवर हिरवा थर. आई म्हणते चिंचेने घासू. चालेल का? (चंद्रपूरचे एक वाचक)

आईंना नमस्कार सांगा आणि चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू देऊ नका. देवाची भांडी लखलखीत हवीत हे बरोबर, पण इथे पितळेवरचा तपकिरी थर हाच वयाचा दाखला आहे. तो एकदा गेला की परत येत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघतं.

लाल, भुसभुशीत गंज तेवढा काढायचा, कारण तो वाढत जातो. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच ठेवा. शिलाई मशीनचं तेल लाल डागांवर लावून रात्रभर राहू द्या. सकाळी बांबूच्या काडीने हळूहळू खरवडा आणि मऊ सुती कापडाने पुसा. घाई नको, पुन्हा तेल, पुन्हा काडी. पॉलिश पेपर नको, ग्राइंडर तर नकोच. शेवटी संग्रहालयांत वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा. पितळेवरची हिरवी पूड कोरड्या मऊ ब्रशने झटका, तेवढं पुरे. शिंगाच्या मुठीला पाणी किंवा तेल लावू नका.

सर्वात महत्त्वाचं, सुरा म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, चामडं ओल धरतं आणि एका पावसाळ्यात पातं आतून सडतं. पातं सुती कापडात गुंडाळून वेगळं, म्यान आत कागदाचा बोळा घालून वेगळं. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श केलात तर लगेच पुसा, घामातलं मीठ गंजाला पुरतं.

पणजोबांची हकिगत खरी असू शकते. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे बॉनचे जर्मन होते, 1864 मध्ये नेमलेले. त्यांच्यानंतरचे श्लिख आणि रिबेन्ट्रॉप हेही जर्मनच. पण वस्तू तपासायची ती वर सांगितलेल्या रीतीनेच. घरातली हकिगत मात्र आजच कागदावर उतरवून, तारीख घालून सुऱ्याबरोबर ठेवा. सांगणारी माणसं गेल्यावर ती कुठेच मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या फिरंगी तलवारीच्या पात्यावर चार-पाच रेघांत काढलेला प्राणी आहे, पितळ भरलेला. तुमच्या लेखातला धावता लांडगा तो हाच का? (साताऱ्याचे एक वाचक)

शक्य आहे. डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावातल्या कारागिरांचं हे चिन्ह. छिन्नीचे थोडके घाव, त्यांत पितळेची तार ठोकलेली. नाव चांगलं झाल्यावर सोलिंगेनवाल्यांनी ते उचललं आणि मग इतरांनीही. त्यामुळे नुसत्या लांडग्यावरून गाव ठरत नाही, शतक तर अजिबात नाही. मराठ्यांच्या फिरंगींना युरोपातून आलेली पाती असत, त्यांत जर्मन पातीही होती. पण तशी पाती इथेही बनत आणि त्यांवर परदेशी खुणा घातल्या जात. पात्याची लवचीकता, पन्हळीचं (पात्यावरच्या लांब खोबणीचं) काम आणि मुठीशी बसलेला सांधा पाहिल्याशिवाय मी पत्रावरून मत देणार नाही. लांडग्याचा, बाजूने उजेड टाकून काढलेला फोटो संपादकांकडे पाठवा. पन्हळीबद्दल एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो: ती रक्त वाहून जायला नसते. ताठपणा राखून पातं हलकं करण्यासाठी असते.

प्रश्न : हरणाच्या शिंगांमध्ये स्वस्तिक असलेला 1930 च्या दशकातला शिकारी खंजीर मला देऊ करताहेत. गुंतवणूक म्हणून कसा? (दुबईचे एक वाचक)

मी घेत नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. 1934 च्या शिकार कायद्यानंतर नाझी नेता गोरिंगच्या हाताखाली शिकाऱ्यांची एकच सरकारी संघटना झाली, तिचं हे चिन्ह. आपलं दारावरचं स्वस्तिक आणि हे यांचा काही संबंध नाही. या काळातल्या वस्तूंना मागणी खूप, म्हणून नकलाही अमाप. जर्मनीत हे चिन्ह जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे.

त्या काळाची आठवण ठेवायचीच असेल तर तराजूचं चिन्ह असलेला कॉपेल कारखान्याचा साधा शिकारी सुरा शोधा. कॉपेल हे सोलिंगेनचं ज्यू घराणं. नाझी राजवटीत कारखाना त्यांच्या हातून गेला आणि डॉ. अलेक्झांडर कॉपेल 1942 मध्ये थेरेझिनश्टाटच्या छावणीत मरण पावले. आज सोलिंगेनमधल्या एका शाळेला त्यांचं नाव आहे. तो तराजू कुठल्याही पात्यावर दिसला की मी ते पातं हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

प्रश्न : जर्मनीत घेतलेला हिर्शफेंगर पुण्याला आणता येईल का? (आखेनचे एक वाचक)

आधी लेखी परवानगी, मग तिकीट. भारतात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. आयातीचे नियम वेगळे. त्यात मुठीचा प्रश्न आणखी अवघड. सोलिंगेनचे कारखाने मुठींसाठी भारतातून सांबराची शिंगं आणत, कारण ती युरोपी हरणाच्या शिंगापेक्षा भरीव असतात, आत सच्छिद्र गाभा कमी. भारतात सांबराचं शिंग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. मूठ कोणत्या शिंगाची हे तुम्हाला कागदावर दाखवता आलं नाही तर कस्टममध्ये वस्तू अडकेल. जर्मनीतही तो कमरेला लावून किंवा पिशवीत उघडा घेऊन फिरता येत नाही, 12 सेंटीमीटरहून लांब, न दुमडणारं पातं असं बाळगायला तिथे मनाई आहे. कुलूपबंद पेटीतूनच न्या आणि खरेदीची पावती त्याच पेटीत ठेवा.