45 दिवसांचं पत्र

तुम्ही विचारलंत की एमएस्सी गणित, बीएड, 11 वर्षं माध्यमिकला शिकवतेय, यजमानांना मेलबर्नला नोकरी लागलीय, तिकडे शिक्षकांची टंचाई आहे म्हणतात, तर मला शाळेत काम मिळेल ना? वाचलं आणि तीन दिवस उत्तर द्यायचं टाळलं. सहा वर्षांपूर्वी मीही जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. तेव्हा एक बाई म्हणाल्या होत्या, "अहो, गणितवाल्यांना तर तिथं हातोहात उचलतात!"

उचलतात, खोटं नाही. पण आधी नोंदणी. व्हिक्टोरिया राज्यात व्हीआयटी, म्हणजे व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंग, या संस्थेकडे नाव नोंदल्याशिवाय वर्ग हातात मिळत नाही. फॉर्म, फी, पोलीस तपासणी हे सगळं त्यांच्या साइटवर आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही.

माझी पहिली चूक सांगते. एआयटीएसएल आणि व्हीआयटी या दोन वेगळ्या संस्था आहेत. पहिली व्हिसासाठी तुमचं शिक्षण तपासते, दुसरी शाळेत शिकवू देते. तुमचा व्हिसा यजमानांच्या नोकरीवर निघतोय ना, मग पहिलीच्या वाटेला जायचं कारणच नाही. आमचाही तसाच निघाला होता. तरी मी आधी तिथंच अर्ज केला, कारण कुणीतरी सांगितलं म्हणून. पैसे गेलेच, वर आठ महिनेही गेले.

दुसरं इंग्रजी. आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत माझ्या वेळी वाचन-लेखनात 7, श्रवण-संभाषणात 8 लागायचे, आणि तेही एकाच बैठकीत. पहिल्या खेपेला संभाषणात 7.5 आले. दुसऱ्या खेपेला तिथं 8 मिळाले, तर लेखन 6.5 वर घसरलं. या खेपेचं एक आणि त्या खेपेचं एक अशी मोळी बांधता येत नव्हती. 14 वर्षं मुलांशी बोलण्यात गेलेल्या बाईला अर्ध्या गुणानं सांगायचं की तुम्हाला पुरेसं बोलता येत नाही! आजही लिहिताना कान तापतात.

आणि तिसरं ते पत्र. एआयटीएसएलला प्रत्यक्ष शाळेत, देखरेखीखाली शिकवल्याचे किमान 45 दिवस दाखवावे लागतात, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलं तेही. आपलं बीएड दिवस कुठं मोजतं? ते पाठ मोजतं. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, टाचणावर मार्गदर्शकांची सही, झालं. त्यातून माझं बीएड एका वर्षाचं. दोन वर्षांचं 2015 पासून झालं. माझा भाऊ कॉलेजात तीनदा जाऊन आला. क्लार्क म्हणाला, "दिवस कुठून आणू? रजिस्टरला पाठच आहेत." चौथ्यांदा लेटरहेडवर पत्र मिळालं, त्यात टाइप केलं होतं, 'सरावाचे दिवस : 40 पाठ'. तेव्हा रडले, आता हसू येतं. थोडंसंच. आणि व्हीआयटीकडे गेलात तरी सरावाचे कागद हाताशी असलेले बरे.

मधल्या काळात घरी बसवेना, म्हणून एका शाळेत मदतनीस म्हणून लागले. इथं एज्युकेशन सपोर्ट म्हणतात. वर्गात एकदोन मुलांशेजारी बसायचं, वर्ग मात्र एकटीनं सांभाळायचा नाही. टंचाई म्हणजे काय ते तिथं समजलं. शिक्षक आजारी पडला आणि बदली शिक्षक, म्हणजे सीआरटी, मिळाला नाही की पोरं पाच-पाच, सहा-सहा करून बाकीच्या वर्गांत वाटून टाकतात. आठवीचं गणित खेळाच्या शिक्षकाकडं होतं. भला माणूस, आदल्या रात्री जागून तयारी करून यायचा. एक दिवस त्यानं फळ्यावर लिहिलं, −3² = 9. कंसाशिवाय. उत्तर −9 यायला हवं होतं. मी मागच्या बाकावर होते. काही बोलले नाही. शेजारच्या मुलाच्या वहीत पेन्सिलीनं अख्ख्या −3 भोवती कंस काढला, शेजारी कंसाशिवायचं लिहिलं, आणि त्याला पाहू दिलं. शाळेला माणूस मिळालाच नाही तर नोंदणी नसलेल्यासाठीही तात्पुरती परवानगी मागता येते, परमिशन टू टीच म्हणतात तिला. माझ्यासाठी ती मागा असं मुख्याध्यापिकेला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माझा मुलगा दुसऱ्या शाळेत. त्याच्या आठवीत एका टर्ममध्ये गणिताला सहा चेहरे बदलले. मी घरी शिकवायला बसले तर म्हणायचा, "आई, इथं असं नाही करत." अकरावीला विषय निवडताना त्यानं मॅथमॅटिकल मेथड्स हे अवघड गणित सोडलं, सोपं जनरल गणित घेतलं. घरात गणिताची शिक्षिका असून! नवरा म्हणतो, त्याला आवडच नसेल. असेलही तसं. मला ते पटत नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. जून-जुलैत इथं हिवाळा, साडेपाच-सहालाच अंधार पडतो, तेव्हा जास्त. सवय होते.

आता जे कुणाला सांगत नाही ते सांगते. सगळ्यांना वाटतं मी नोंदणीत अडकलेय. खरं तर आयईएलटीएसला तिसऱ्या खेपेला हवे तेवढे सगळे गुण आले, कॉलेजचं दुरुस्त पत्रही आलंय. व्हीआयटीचा अर्ज उघडते, पदव्यांच्या पानापर्यंत जाते आणि बंद करते. मी 'व्हेरिएबल' म्हटलं की या मुलांना डब्ल्यूनं सुरू होणारं काहीतरी ऐकू येतं. एकानं व्हरांड्यात माझी नक्कल केली होती, अगदी हुबेहूब. मदतनीस बाईला तेवढं चालून जातं. फळ्यापुढं उभं राहिल्यावर चालेल का, याची भीती आहे, आणि ती भीती कुठल्या फॉर्मनं घातलेली नाही.

आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, माझ्या निकालाची दोन वर्षं येत्या मार्चात भरतात.

तुम्ही अजून तिकडेच आहात, तर विमानात बसायच्या आधी स्वतः कॉलेजात जाऊन बसा. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा तर पाठवते. त्यात 'पाठ' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.